पायाखालचं पेडल

२००३ च्या जूनमध्ये मी पायाने काम करायला शिकले. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर आणि उजव्या पायाखाली शिलाई मशीनला असतं तसं एक पेडल. दाबलं की अमेरिकेतला डॉक्टर बोलायला लागायचा, सोडलं की थांबायचा, बाजूला पाय सरकवून दाबलं की दोन सेकंद मागे जायचा. बडोद्यात अलकापुरीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तीसेक जण असे हेडफोन लावून बसायचो. कुणी कुणाशी बोलत नसे, पण तीस पेडलांची खटखट सतत चालू असायची.

मी सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलेलं. औषध कंपन्यांमध्ये मुलींना पॅकिंग नाहीतर क्वालिटीच्या बाकावर तात्पुरती जागा मिळे, तीही मिळाली तर. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे डॉक्टरने बोलून ठेवलेलं ऐकून टाइप करण्याच्या कामात, विज्ञानाची मुलं हवी होती आणि पगार वेळेवर होत होता, म्हणून मी गेले.

हे काम भारतात का आलं, ते घड्याळ बघितलं की कळतं. न्यूयॉर्कच्या वेळेपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. तिथल्या डॉक्टरने संध्याकाळी पाचला शेवटचा पेशंट तपासून फोनवर टिपण बोलून ठेवलं, की आपल्याकडे रात्रीचे अडीच-साडेतीन वाजलेले असत. आम्ही पहाटे सहाला बसायचो. तो सकाळी आठला दवाखान्यात येईपर्यंत टाइप केलेला रिपोर्ट त्याच्यासमोर असायचा. मोबदला ओळींवर मिळायचा आणि ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही धरून. माझ्या दिवसाच्या हजारेक ओळी व्हायच्या.

शिकवताना पहिल्याच आठवड्यात एक नियम डोक्यात बसवला गेला: ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने शब्द घालू नका. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास आणि शेवटचा भाग जरा वेगळा ऐकला तर तोच शब्द 'डिस्फेझिया' होतो, म्हणजे बोलण्यात अडचण. 'सेलेब्रेक्स' सांधेदुखीचं औषध, 'सेलेक्सा' नैराश्याचं. पंधरा आणि पन्नास इंग्रजीत किती जवळजवळ ऐकू येतात, हे ज्याने घाईत बोलणाऱ्या डॉक्टरचं टिपण उतरवलंय त्यालाच कळेल. काही डॉक्टर जेवता जेवता बोलायचे, काही गाडी चालवताना. तीन वर्षांनी मला चारशेच्या वर डॉक्टर आवाजावरून ओळखता यायचे. कोण 'नो' हा शब्द गिळतो, कोण आधी उजवा गुडघा म्हणून मग दुरुस्त करून डावा म्हणतो, हे सगळं माझ्या कानात होतं. ते कौशल्य आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं, माझं कौशल्य म्हणजे टायपिंगचा वेग.

२००८ च्या शेवटी तो वेग निरुपयोगी झाला.

त्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात आठवड्याचे तीनच दिवस काम उरलं होतं. ते निर्यातीचे व्हॉल्व्ह बनवायचे आणि परदेशातल्या ऑर्डरी थांबल्या होत्या. आमच्याकडे काम भरपूर होतं, पण ते बदललं. आता डॉक्टरचं बोलणं आधी सॉफ्टवेअर ऐकायचं, त्याचा मजकूर पडद्यावर यायचा आणि आम्ही ऐकत ऐकत तो दुरुस्त करायचा. ओळीचा दर जवळजवळ निम्मा झाला. मॅनेजरचं म्हणणं होतं, टाइप करायचं नाही तर दुप्पट ओळी होतील, पैसे तेवढेच पडतील.

तसं झालं नाही. टाइप करताना प्रत्येक शब्द बोटातून जातो, म्हणून तो कानातूनही नीट जातो. तयार मजकूर समोर असला की डोळा त्यावरून घसरतो. सॉफ्टवेअर अगदी सफाईदार वाक्यं लिहायचं आणि त्याच वाक्यातला एखादा 'नो' हरवलेला असायचा. 'औषधांची कुठलीही ॲलर्जी नाही' याचं 'औषधांची ॲलर्जी आहे' होऊन समोर यायचं आणि दिसायला वाक्य बिनचूक. पहिले सहा महिने माझ्या चुका वाढल्या, पगार घटला आणि मानेचं दुखणं सुरू झालं. मग मी स्वतःपुरती एक पद्धत बसवली. पडद्यावरचा मजकूर आधी वाचायचाच नाही. डोळे मिटून एक वाक्य ऐकायचं, मनात लिहायचं आणि मग पडद्यावरच्या वाक्याशी ताडून बघायचं. वेळ जरा जास्त लागे, पण चुका थांबल्या. पुढे टीममधल्या सात-आठ जणींना मी हे शिकवलं. आम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती परत त्या सॉफ्टवेअरकडे जात होती आणि त्यावरून ते डॉक्टरचा आवाज अधिक चांगला ओळखायला शिकत होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल आमच्यात बोलणं मात्र कधी झालं नाही.

तरी आमच्या नोकऱ्या घालवल्या त्या सॉफ्टवेअरने नाहीत. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मंदीवरचा उपाय म्हणून जो मोठा कायदा झाला, त्यात एक भाग दवाखान्यांच्या कागदपत्रांचा होता. पेशंटची नोंद संगणकावर ठेवा, सरकार पैसे देईल. मेडिकेअर म्हणजे तिथला वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा; त्याच्या योजनेत एका डॉक्टरला पाच वर्षांत जास्तीत जास्त ४४,००० डॉलर मिळू शकत होते, आणि २०१५ पासून नोंद न ठेवणाऱ्यांचे पैसे कापले जाणार होते. मग डॉक्टर बोलायचे थांबले. ते पडद्यावर खुणा करायला लागले: ताप नाही, खोकला आहे, छाती स्वच्छ. ज्या आवाजांना मी दहा वर्षं ओळखत होते ते एकेक करून बंद झाले. आधी फॅमिली डॉक्टरांचे, मग हृदयरोगवाले, सगळ्यांत शेवटी हाडांचे डॉक्टर. त्यांना बोलायला फार आवडायचं.

डिसेंबर २०१३ मध्ये आम्हाला मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि बडोद्याचं ऑफिस बंद होतंय असं सांगितलं. दोन महिन्यांचा पगार, अनुभवाचं पत्र आणि हवं असेल तर घरून ओळींवर काम. मी ३४ वर्षांची होते, मुलगी पहिलीत होती. खाली उतरल्यावर आम्ही सहा जणींनी शेव-उसळ खाल्ली आणि कुणालाच काही बोलता येईना.

त्यातली एक म्हणाली, "बेन, कोडिंग शीख. चेन्नईत सगळे तेच करतात."

हे कोडिंग म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिणं नव्हे. अमेरिकेत डॉक्टरला विम्याचे पैसे मिळायचे तर पेशंटला काय झालं होतं आणि त्याच्यावर काय केलं, हे दोन्ही ठरावीक सांकेतिक क्रमांकांत लिहावं लागतं. डॉक्टरची नोट वाचून ते क्रमांक लावायचे, हे मेडिकल कोडरचं काम. आजारांसाठी ते लोक १९७९ पासून आयसीडीची, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, नववी आवृत्ती वापरत होते. बाकीच्या कित्येक देशांनी दहावी कधीच स्वीकारली होती. अमेरिका १ ऑक्टोबर २०१४ ला दहावीवर येणार होती. सुमारे १४,००० कोडांचे जवळजवळ ७०,००० होणार होते. एवढ्या बदलाला माणसं लागणार म्हणून आपल्याकडे जागोजाग क्लास निघाले. मी जानेवारीत फतेगंजमधल्या एका क्लासला नाव घातलं. फी भरायला एक बांगडी मोडली.

सासूबाईंना सांगायची भीती वाटत होती. सासरे कापडगिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर दांडिया बाजारातल्या त्या दोन खोल्यांत सासूबाईंनीच डबे करून घर चालवलेलं. मी पुस्तकं टेबलावर ठेवली तेव्हा त्या बराच वेळ ती उलटीपालटी करत बसल्या. मग म्हणाल्या, "गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांना कुणी सांगितलंच नाही पुढे काय शिकायचं ते. तुला निदान नाव तरी ठाऊक आहे. शीक. पोरीचं मी बघते."

क्लासचे सर चेन्नईचे होते. त्यांनी पहिल्या दिवशी एका मोडलेल्या मनगटाचं उदाहरण घेतलं. जुन्या पद्धतीत मनगटाजवळचं हाड मोडलं आणि ते कातडीबाहेर आलं का, एवढं सांगून भागायचं. हात उजवा की डावा, हे विचारणारी जागाच तिथे नव्हती. नव्या पद्धतीत कोडची सात अक्षरं. उजवा की डावा, हाड कातडीबाहेर आलं का, पेशंट पहिल्यांदा आलाय की हाड जुळतंय का हे दाखवायला, की ते वाकडं जुळलंय, या सगळ्याचं उत्तर त्या सातांत. बदक अंगावर येऊन आदळलं तर त्यालाही स्वतंत्र कोड आहे, डब्ल्यू६१.६२. वर्गात सगळे त्यावर हसले. मला मात्र तो मनगटाचा तक्ता बघून हाडांच्या डॉक्टरांचे आवाज आठवले. उजवा-डावा ते कुठल्या वाक्यात बोलतात, जखमेबद्दल कधी सांगतात, हे मला पाठ होतं. इतर मुलं नोट वरपासून खालपर्यंत तीनदा वाचायची; मी थेट त्या जागी जायची. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्याबरोबर बोटांपेक्षा कान पुढे आलाय.

शिकलेली एक गोष्ट मात्र विसरावी लागली, आणि ती फार जड गेली. दहा वर्षांत नोट वाचून पेशंटला काय झालंय हे मला कळायला लागलं होतं. कोडरला ते कळून उपयोग नाही. बाहेरून तपासून जाणाऱ्या पेशंटच्या नोटेत डॉक्टरने 'न्यूमोनिया असावा' असं लिहिलं तर न्यूमोनियाचा कोड लावता येत नाही. खोकला आणि ताप एवढंच लावायचं. संशयाचा कोड लावला तर तो आजार त्या माणसाच्या विम्याच्या कागदावर कायमचा जाऊन बसतो. डॉक्टरने लिहिलं तेवढंच खरं, न लिहिलेलं विचारायचं. नीट बघितलं तर हा रिकाम्या जागेचाच नियम होता, पण ऐकण्यातला नियम वाचण्यात आणायला मला चार महिने लागले.

आणि ते चार महिने संपायच्या आत आमचा क्लासच अडला. मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या मानधनाबद्दलचं एक विधेयक मार्चअखेर तिथल्या संसदेत मंजूर झालं आणि १ एप्रिल २०१४ ला त्यावर सही झाली. त्यात एक वाक्य होतं: आयसीडी-१० हे १ ऑक्टोबर २०१५ च्या आधी लागू करता येणार नाही. बस, एवढंच. तारीख आधी २०१३ ची होती, ती एकदा २०१४ वर गेली होती, आता आणखी एक वर्ष. सरांनी ती बातमी आम्हाला वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "म्हणजे भरती?" सर काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांत ज्या तीन कंपन्यांनी नावं नोंदवून घेतली होती, त्या तिघींनी पुढच्या वर्षी बघू असं कळवलं. बत्तीस जणांच्या वर्गात मे महिन्यात अकरा उरले.

बदलत्या काळाबरोबर माणसाने बदलावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्याबद्दल एकच म्हणायचंय. बदलायला मी तयार होते, फी भरली होती, शिकतही होते. तरी ज्या वर्षी घरात माझा पगार आला नाही ते वर्ष कुणी भरून दिलं नाही. ते सासूबाईंच्या गुडघ्यांनी, नवऱ्याच्या ओव्हरटाइमने आणि माझ्या दुसऱ्या बांगडीने भरून काढलं. वर्ग सोडून गेलेल्या एकवीस जणांच्या घरी असं कुणी नसेल. त्यातला एक मुलगा मला नंतर एका मोबाइलच्या दुकानात दिसला; त्याला शरीरशास्त्र माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

ते वर्ष मी असं काढलं. पहाटे चार ते सात घरून ओळींचं काम, दर आणखी उतरलेला. संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलींना जीवशास्त्र. आणि दुपारी, मुलगी शाळेत असताना, मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अभ्यास. घरात दोन खोल्यांत जागा नव्हती. त्या ग्रंथालयाची गोष्ट बडोद्याच्या मुलांना शाळेतच सांगतात. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, तिथली वाचनालयं त्यांना आवडली, म्हणून १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा म्हणून. बॉर्डनने इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धतही बसवून दिली. लहानपणी मला त्यात फक्त काच आवडायची. त्या दुपारी मात्र मी वर्गीकरणाचा विचार करत बसायची. एका अमेरिकन माणसाने आमची पुस्तकं कप्प्यांत लावली, आणि शंभर वर्षांनी मी तिथेच बसून अमेरिकन माणसांचे आजार कप्प्यांत लावायला शिकत होते. मला बळ यायचं त्यातून. विद्या आणि काम समुद्रापलीकडून इथे पहिल्यांदाच येत नव्हतं. त्या वेळी ते इथल्या राजाने ठरवून, पैसे मोजून आणलं होतं, एवढा फरक.

ऑगस्ट २०१५ मध्ये भरती सुरू झाली. पाच कंपन्यांत परीक्षा दिली, पाचवीत जागा मिळाली, पगार दहा वर्षांपूर्वीच्या पगाराएवढा. १ ऑक्टोबरला गुरुवार होता. आदल्या आठवड्यापर्यंत शिफ्टमध्ये साठ नोटा होत होत्या. त्या दिवशी माझ्या एकवीस झाल्या आणि फ्लोअरवर त्याच सगळ्यांत जास्त होत्या. टीम लीडर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होता. त्याने येऊन विचारलं, "ताई, तुम्ही नोट कुठून वाचायला सुरुवात करता?" मी त्याला दाखवलं.

कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा २०१६ मध्ये दिली, अहमदाबादला. १५० प्रश्न, पाच तास चाळीस मिनिटं, पास व्हायला ७० टक्के. पुस्तकं समोर उघडी ठेवायला परवानगी असते, आणि ती दरवर्षी नवी घ्यावी लागतात, कारण आजारांचे कोड १ ऑक्टोबरला बदलतात आणि उपचारांचे १ जानेवारीला. फी आणि पुस्तकं डॉलरमध्ये, आणि डॉलर तेव्हा ६७ रुपयांच्या आसपास. कंपनीला रुपया पडला की फायदा. आम्हाला पगार रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये. ७८ टक्के मिळाले. प्रमाणपत्रावर नावापुढे एक जास्तीचं अक्षर होतं, 'ए', म्हणजे अप्रेंटिस, दोन वर्षांचा अनुभव होईपर्यंत. तेरा वर्षं काम करून मी शिकाऊ झाले होते. त्या अक्षराचा मला राग आला होता हे खरं आहे.

मधली वर्षं बरी गेली. २०२० मध्ये १ एप्रिललाच कोविडचा नवा कोड, यू०७.१, लागू झाला. त्या वेळी अमेरिकेतल्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया बंद होत्या, त्यामुळे नोटा कमी आणि तीन महिने पगारात कपात. घरून काम करायचं तर दार लागणारी खोली हवी, जवळ फोन नको, कारण पेशंटची माहिती. सासूबाई स्वयंपाकघरात झोपायला लागल्या. २०२१ च्या जानेवारीत दवाखान्यातली भेट किती साधी की गुंतागुंतीची, ही पातळी ठरवायचे नियम बदलले आणि आम्ही पुन्हा महिनाभर शिकलो. त्याच वर्षी मला ऑडिटला घेतलं, म्हणजे इतरांनी लावलेले कोड तपासायचे.

आता ते 'इतर' बरेचदा माणसं नसतात. गेल्या दीड वर्षापासून सोप्या नोटांचे कोड यंत्रच लावतं आणि मी तपासते. वागण्याची तऱ्हा मी लगेच ओळखली: सफाईदार, वेगवान, आणि चूक झाली तरी आवाज तोच. परवाची नोट. बाई सत्तरीची, रक्तदाबाच्या तपासणीला आलेली, दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झालेला. यंत्राने आय६३.९ लावला, म्हणजे पक्षाघात आत्ता झालाय. तो खोडून मी झेड८६.७३ लावला, म्हणजे पूर्वी होऊन गेला आणि मागे काही राहिलं नाही, आणि शेऱ्यात कारण लिहिलं. माझा शेरा त्या यंत्राला शिकवायला जातो, हे या वेळी आम्हाला स्पष्ट सांगितलेलं आहे. मी तो तरीही पूर्ण लिहिते. त्या बाईच्या कागदावर नसलेला झटका राहू नये, एवढं तर माझ्या हातात आहे. टीममधल्या सोप्या नोटा करणाऱ्या चौदा मुलांपैकी पाच उरली आहेत. जी गेली त्यांतल्या तिघांना मी रविवारी घरी बोलावते आणि शस्त्रक्रियेच्या नोटा वाचायला शिकवते. त्या लांब असतात, आणि त्यांत डॉक्टर अजूनही बोलतात. त्या नोटा वाचताना माझा उजवा पाय अजून जमिनीवर दाबला जातो.

मागच्या महिन्यात मी ऑडिटरच्या परीक्षेसाठी नाव नोंदवलं. पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना आता ऐकू कमी येतं. खोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठ्याने विचारलं, "परत पुस्तकं? आता कशाचं नाव आलं?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली, खोकं मांडीवर ओढलं आणि कात्री मागितली.